नानाजी गावंडे, एम.कॉम. (डेटासह)

नानाजी गावंडे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दिसतच नव्हते. दिसत होती एक ऑटो, आणि तिच्यात सीटपासून टपापर्यंत रचलेल्या लाल कापडी बांधणीच्या वह्या. मागं इतका भार होता, की ऑटोचं पुढचं चाक जमिनीपासून वीतभर वर उचललं गेलं होतं. दत्त चौकाकडून ती उधळलेल्या घोड्यासारखी दोन चाकांवर आली. चौकातल्या हवालदारानं शिट्टी तोंडात घातली आणि गिळली. दोन गाई रस्ता सोडून बँकेच्या पायऱ्या चढल्या. ऑटोवाला अर्धा बाहेर लटकत होता आणि वह्यांच्या पोटातून एक बारीक आवाज येत होता, "डावीकडं घे! अबे डावीकडं! थे काय, झेरॉक्स लिवलंय!"

ऑटो माझ्या दुकानासमोर थांबली. पुढचं चाक जमिनीवर आपटलं, तेव्हा माझ्या झेरॉक्स मशीनचा ट्रे आपोआप बाहेर आला आणि भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने पुढं गेलं. वह्यांचा एक थर हलला आणि फटीतून एक गृहस्थ बाहेर पडले. पाच फूट उंची, पांढरा हाफ शर्ट, खिशात तीन पेनं, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा. वजन त्यांच्याच एका वहीपेक्षा जरा कमी.

"भाऊ," ते म्हणाले, "डेटा आणला!"

"कोन्ता डेटा?"

"मॅडमनं सांगतलं, सोमवारी येताना आपापला डेटा घेऊन या. हा पाहा. पाच वर्षाचा हाय. एकबी दिवस सुटला नाई. दोन-दोन झेरॉक्स मारा. एक मॅडमले, एक मले."

माझं दुकान कॉलेजच्या फाटकासमोर आहे. झेरॉक्स, टायपिंग, बायंडिंग. तीस वर्षांत मी बरंच काही पाहिलंय, पण ऑटोनं आलेला गृहपाठ पाहिला नव्हता. मी त्यांना नम्रपणे सांगितलं, की एवढी झेरॉक्स मारायची तर विदर्भातला सगळा कागद लागेल, आणि माझं मशीन तर आताच संन्यासाची भाषा बोलून राह्यलं.

तेव्हा दुकानात वैष्णवी उभी होती. लोहारा गावची मुलगी, बावीस वर्षांची, परीक्षेच्या फॉर्मची झेरॉक्स घ्यायला आलेली. ती हसू दाबत म्हणाली, "काका, तुम्ही आमच्या क्लासचे ना? पहिल्या बाकावरचे? डेटा म्हंजे वह्या नाई आणायच्या जी. एक्सेलमध्ये टाकायचा आन् यात आणायचा." आणि तिनं पर्समधून पेनड्राइव्ह काढून दाखवला.

नानाजींनी तो तळहातावर घेतला. वजन केल्यासारखा वरखाली केला. मग ऑटोकडे पाहिलं. मग पुन्हा पेनड्राइव्हकडे.

"भाऊ, आधी बसा," ते मला म्हणाले.

"काहून?"

"बसा म्हंतो ना. हुभ्यानं आयकायची गोष्ट नाई." मी बसलो. नानाजींनी खाली वाकून माझ्या कानाजवळ तोंड आणलं आणि देवळात बोलावं तसं बोलले, "पाच वर्षं याच्यात मावते."

आणि ते इतके आनंदले, की जाण्याचं आणि येण्याचं असं दोन्ही ऑटोभाडं त्यांनी विनातक्रार दिलं. डेटा जसा आला तसा परत गेला.

आता एक्कावन्न वर्षांचा माणूस पहिल्या बाकावर काय करत होता, ते सांगितलं पाहिजे. नानाजी एका लहानशा जिनिंगमध्ये मुनीम. कापूस येतो, काट्यावर चढतो, त्याची रुई आणि सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधून पाठवतात. आणि या सगळ्याचा हिशेब अठ्ठावीस वर्षं नानाजींच्या हातचा. मोठे शेठ होते तोवर नानाजींच्या वहीत जे लिहिलं ते खरं, आणि जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असा कारभार होता. मग मोठे शेठ थकले आणि त्यांचा मुलगा क्षितिज पुण्याहून शिकून परतला. त्यानं पहिल्याच आठवड्यात नानाजींना सांगितलं, "मुनीमजी, आता मुनीम ही पोस्ट राहणार नाही. तुमच्या खुर्चीवर मी डेटा ॲनालिस्ट बसवणार आहे. पोस्ट ग्रॅज्युएट पाहिजे, फर्स्ट क्लास पाहिजे. दोन वर्षांत बघू."

दुसरा कोणी असता तर घरी जाऊन आडवा झाला असता. नानाजींनी विचारलं, "हे कुठं शिकवतेत?" आणि कळलं, की आमच्या समोरच्या कॉलेजात त्याच वर्षी लेखाशास्त्र आणि डेटा ॲनालिटिक्स अशी जोड-एम.कॉम. सुरू झाली आहे. सकाळी साडेसात ते अकरा. नानाजींचं बी.कॉम. मागल्या शतकातलं. पण ते प्रमाणपत्र त्यांनी लोखंडी पेटीत, बायकोच्या, म्हणजे भागीरथाकाकूंच्या, शालूखाली, डांबराच्या गोळ्यांसह जपलेलं होतं. प्रवेशाच्या दिवशी ऑफिसातल्या बाबूला शालूचाच वास आला.

म्हणजे गोष्ट सरळ होती. साठ टक्के मिळवायचे आणि आपल्याच खुर्चीवर आपणच पुन्हा बसायचं. दोन वर्षांची मुदत.

"साधंच हाय," नानाजी मला म्हणाले. "शेठले खुर्चीत ॲनालिस्ट पाह्यजे. मले खुर्ची पाह्यजे. मंग मी ॲनालिस्ट होतो."

आणि खरं सांगतो, आमच्या कॉलेजच्या इतिहासात अभ्यासाचा एवढा आनंद कोणाला झाला नव्हता. प्राध्यापकांनाही नाही. रोज अकरा वाजता वर्ग सुटला की ते थेट माझ्या दुकानात यायचे आणि मला बसवायचे. मी बसलेला असलो तर उठवून पुन्हा बसवायचे. एकदा पिव्होट टेबलसाठी बसवलं. पिव्होट टेबल म्हणजे काय ते मला आजही नीट कळलेलं नाही, पण नानाजींचं वर्णन असं: "समजा तुमच्या घरात सोळा हजार पाव्हने आले. कोणी कुठं बसलं, कोणी कुठं. तुम्ही फक्त म्हटलं, गावावारी बसा. की बसले! म्हटलं, वयावारी बसा. की बसले! कोणी रुसलं नाई, कोणी म्हटलं नाई का मी जावई हाय मले पुढं बसवा." इतका आज्ञाधारक पाहुणा आपण जन्मात पाहिला नव्हता, हे मलाही मान्य करावं लागलं.

त्यांनी सेकंडहँड लॅपटॉप घेतला आणि रोज पन्नास नोंदी टाकायला सुरुवात केली. वह्यांमधून मशीनमध्ये. नेमानं, पूजेसारखं. कीबोर्डवर ते एका बोटानं टाइप करत आणि दुसऱ्या हाताचं बोट वहीच्या ओळीवर ठेवत. भागीरथाकाकू आधी वैतागल्या. "आजी होयाच्या वयात मी पोराले डबा बांधून राह्यली," असं त्या गल्लीभर सांगत. पण डबा वेळेवर बांधत आणि त्यात वर्गातल्या पोरींसाठी कोथिंबिरीच्या दोन सांबारवड्या जास्त टाकत. त्यामुळे वर्गात नानाजींच्या बाकाला भाव होता.

खरी गंमत प्रोग्रॅमिंगची. नानाजींची अठ्ठावीस वर्षांची सवय म्हणजे कोणतंही पान सुरू करायचं तर वर "॥ श्री ॥" लिहायचं. त्याशिवाय आकड्याला हात लावायचा नाही. ॲनालिटिक्स शिकवणाऱ्या अनघा मॅडमनी पहिला प्रोग्रॅम लिहायला सांगितला, तेव्हा सगळ्या वर्गाचा चालला आणि नानाजींचाच चालेना. मशीन पहिल्याच ओळीवर अडून बसलं. मॅडमनी येऊन पाहिलं. पहिल्या ओळीवर "॥ श्री ॥".

"गावंडे काका, ही ओळ काढा."

"मॅडम, श्री कसा काढू?"

"मशीनला तो समजत नाही."

"श्री कोणाले समजते मॅडम? थो लिवायचा असते."

मॅडम आमच्या नागपूरच्या. वयानं नानाजींहून वीस वर्षं लहान. त्या हतबल झाल्या. शेवटी वैष्णवी मागच्या बाकावरून उठून आली आणि तिनं श्रीच्या आधी एक हॅशची खूण टाकली. "काका, आता मशीन ही ओळ वाचणार नाई. सोडून पुढं जाईल. पण ओळ राहील."

प्रोग्रॅम चालला. त्या दिवशी नानाजी दुकानात आले ते पळतच. "बसा भाऊ! मशीन देव मानत नाई, पण देवाच्या बाजूनं वळसा घालून जाते! आपल्या इथल्या कितीक लोकांपेक्षा बरं हाय!" त्यानंतर दोन वर्षांत त्यांनी जेवढे प्रोग्रॅम लिहिले, त्या प्रत्येकाच्या माथ्यावर हॅश आणि श्री आहेत. पुढं पुढं वर्गातली सगळी मुलं ते टाकू लागली, कारण त्यानं प्रोग्रॅम अडत नाही असा समज पसरला.

दिवाळीत वहीपूजन असतं. नानाजींनी त्या वर्षी पाटावर वह्यांसोबत लॅपटॉपही मांडला आणि विधिवत हळदकुंकू वाहिलं. उघडून वाहिलं. दुसऱ्या दिवशी कीबोर्डमधली सात अक्षरं बसली ती उठेचनात. दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप उलटा करून झटकला तर पाव वाटी कुंकू निघालं. "कोन्ता व्हायरस लागला काका?" त्यानं विचारलं. "लक्ष्मी," नानाजी म्हणाले.

एक गोष्ट मात्र वाईट चालली होती, आणि ती म्हणजे लेखाशास्त्र. म्हणजे ज्यावर माणसानं अठ्ठावीस वर्षं पोट भरलं, नेमका तोच विषय. पहिल्या सत्रात ॲनालिटिक्समध्ये ऐंशीच्या वर, आणि लेखाशास्त्रात बेचाळीस. कारण नानाजी पुस्तकातलं उत्तर लिहीत नसत, खरं लिहीत. "खेळत्या भांडवलाची टंचाई भासल्यास व्यवस्थापनाने कोणते उपाय योजावेत?" असा दहा मार्कांचा प्रश्न होता. नानाजींनी लिहिलं, "मोठ्या शेठना सांगावे. ते भावाला फोन करतात." प्रश्न सुटला होता, पण मार्क मिळाले दोन.

"काका, असं नसते लिवायचं," वैष्णवी डोक्याला हात लावून म्हणाली.

"पण असंच होते ना पोरी."

"होते तसं नाई लिवायचं. पुस्तकात हाय तसं लिवायचं."

मग दोघांनी करार केला. तिनं नानाजींना पुस्तकातलं लेखाशास्त्र शिकवायचं आणि नानाजींनी तिला खरं. माझ्या दुकानाच्या बाकड्यावर ही शाळा भरू लागली. ती त्यांना पाठ केलेल्या व्याख्या म्हणायला लावी. ते तिला कापसाची गाडी काट्यावर चढल्यावर ओलावा कसा ओळखायचा, काट्यावर उभा राहून गाडीवान वजन कसं वाढवतो, हे सांगत. दोघंही एकमेकांच्या विषयात ढ होते आणि दोघंही एकमेकांना ओरडत. गिऱ्हाईकं झेरॉक्स विसरून ऐकत उभी राहायची.

चौथ्या सत्रात प्रोजेक्ट आला, आणि इथं मला माझ्या धंद्याचं थोडं पाप सांगावं लागेल. माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक प्रोजेक्ट आहे. एका पतसंस्थेच्या ताळेबंदाचा अभ्यास. हा प्रोजेक्ट मूळ कोणी लिहिला ते देवाला ठाऊक, पण गेली अकरा वर्षं तोच जातो. पोट्टे येतात, मी वरचं नाव बदलतो, साल बदलतो, काळं रेक्झिन चढवतो, सोनेरी अक्षरं छापतो, चार प्रती. सरांची सही होते, मार्क मिळतात आणि प्रती कपाटात जातात. एकदा गडबडीत एका मुलीच्या प्रोजेक्टमध्ये एकेचाळिसाव्या पानावर कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका बांधली गेली. आहेर आणू नये, या ओळीसकट. तिला ब्याऐंशी मार्क मिळाले. तेव्हापासून माझी खात्री झाली, की प्रोजेक्ट ही बांधायची वस्तू आहे, वाचायची नाही.

प्रेमापोटी मी नानाजींनाही तो देऊ केला. लेखाशास्त्रामुळे त्यांचे टक्के साठच्या आसपास लोंबकळत होते; कशाला धोका?

नानाजींनी पहिली चार पानं वाचली. असं करणारे ते पहिलेच. मग चष्मा खाली सोडला.

"भाऊ, ही पतसंस्था कुठं हाय?"

"कुठंच नाई."

"मंग हिचा ताळेबंद जुळला कसा?" त्यांना खरंच दुःख झालं होतं. "माह्याकडं सोळा हजार दोनशे नोंदी हायेत. खऱ्या. मी कायले हे घेऊ?"

सोळा हजार दोनशे. पाच वर्षांच्या वह्या त्यांनी खरोखरच सगळ्या टाकल्या होत्या. कोणता दिवस, कोणाचा कापूस, किती क्विंटल, काय भाव, नोंद कोणत्या वेळेला झाली. आता त्यावर प्रोग्रॅम चालवायचा होता. तो साऱ्या नोंदींमधून विचित्र, गटात न बसणाऱ्या नोंदी शोधून लाल ठिपक्यानं दाखवतो. घोटाळा पकडायचं ते हत्यार. कॉलेजच्या लॅबमध्ये हा प्रयोग ठेवला. डेटा जिनिंगचा, म्हणून मॅडमनी क्षितिज शेठलाही बोलावलं. मीही गेलतो, एका हातात झेरॉक्सचं बिल घेऊन, म्हणजे कोणी विचारलं तर.

पडद्यावर हजारो निळे ठिपके आले. मुंग्यांची रांग असावी तसे एकाला एक लागून. आणि त्यांच्या वर, लांब, एकेकटे, पाच लाल ठिपके.

क्षितिज शेठ खुर्चीत सरळ झाला. "मॅडम, हे पाच कोणते?"

मॅडमनी एकेक ठिपका उघडला. पाच वर्षं, दर वर्षी एक नोंद. नाव एकच: देवसिंग. बाजारात भाव सात हजार, तर याला नऊ. बाजारात साडेसहा, तर याला साडेआठ. आणि पाचही नोंदींखाली सही नानाजींची.

वैष्णवीनं ओठ चावले.

"मुनीमजी," क्षितिज शेठ हळू आवाजात म्हणाला, "एकच माणूस. पाच वर्षं. क्विंटलमागे दोन हजार जास्त. सही तुमची. काय समजू मी?"

आणि नानाजींनी टाळी वाजवली. खरंच वाजवली. डोळ्यांत पाणी आलं होतं माणसाच्या, पण आनंदाचं.

"सापडला! बसा शेठ, बसा! मॅडम, तुमी बी बसा! मशीननं मुहूर्त पकडला! त्याले कोणी सांगतलं नवतं, अन् पाचच्या पाच पकडले!"

"कसला मुहूर्त?"

"अहो शेठ, कापसाचा! हंगामाची पयली गाडी. काट्याले हार, गाडीवानाले टोपी, उपरणं, नारळ, आन् भाव बाजारापेक्षा जास्त. तुमच्या आजोबापासून हाय. देवसिंग पायगुणाचा माणूस, म्हून दरसाली पयली गाडी त्याचीच. मोठे शेठ स्वतः सांगतेत भाव. तुमी लहान होते तवा पेढ्याचं ताट तुमीच धरून हुभे राहत होते, आन् दोन तुमीच खाल्ले म्हून मार बी खाल्ला होता!"

वर्गात हशा फुटला. क्षितिज शेठच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पडद्यावरच्या ठिपक्यांसारख्या. त्यानं तिथूनच वडिलांना फोन लावला. पलीकडून मोठ्या शेठचा आवाज इतका मोठा होता, की पहिल्या तीन बाकांना ऐकू आला: "अबे, मुहूर्ताले घोटाळा म्हंतो? पेढे खाल्लेले विसरला काय?"

हसणं ओसरल्यावर अनघा मॅडम मात्र विचारात पडल्या. "पण गावंडे काका, ही नोंद चूक नाही, हे मशीनला सांगायचं कसं?"

नानाजी पुढं झाले, एका बोटानं नवा रकाना टाकला आणि वर लिहिलं: मुहूर्त, होय की नाही. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. लाल ठिपके निळे झाले.

"असा रकाना पुस्तकात नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग पुढच्या आवृत्तीत टाका ना जी."

निघताना क्षितिज शेठनं नानाजींच्या खांद्यावर हात ठेवला. "मुनीमजी, मानलं. प्रोजेक्टची एक प्रत मला द्या. मी वाचणार आहे." मी हे वाक्य मनात दोनदा घोळवून पाहिलं. तीस वर्षांत माझ्या दुकानाच्या आसपास कोणी कोणाला असं म्हटल्याचं मला आठवेना. मला वाटलं, पुण्याकडं असं बोलायची पद्धत असेल.

पुढचे दोन महिने नानाजी हवेत होते. प्रोजेक्ट एकशे दहा पानांचा झाला. छापायला माझ्याकडं आले, तेव्हा प्रत्येक पानासाठी मला वेगळं बसवलं. चौसष्टाव्या पानावर तर त्यांनी वैष्णवीलाही बसवलं. त्या पानावर एक आलेख होता. मुनिमाच्या टेबलावर कोणत्या महिन्यात किती नोंदी होतात, त्याचा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उंच डोंगर. दिवसाला वीस-बावीस नोंदी. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सपाट. आठवड्याला तीन.

"पाहा भाऊ! हा डोंगर, आन् हे मैदान! अठ्ठावीस वर्षं त्या खुर्चीत बसलो, पण मले कदी दिसलंच नाई का आपलं काम असं दिसते! मैदानात मी काय करत होतो म्हंता? वह्या पुसत होतो. पेनात शाई भरत होतो. मले वाटे, मी कामात हावो!" आणि ते मनापासून हसले.

वैष्णवी हसली नाही. तिनं त्या मैदानाचे महिने बोटानं एकेक करून मोजले. मग म्हणाली, "काका, हे मैदान लय मोठं आहे जी. हे पान नाई टाकलं तर नाई चालणार?"

"कायले?"

"असंच."

"आकडे तर खरे हायेत ना? मीच टाकले, रोज पन्नास. मंग लपवू कायले? त्या पतसंस्थेवानी करू का आपलं?"

वैष्णवीनं माझ्याकडं पाहिलं. मी अकरा वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर म्हणालो, "राहू दे गं. वाचते कोण?"

आणि मी ते पान छापलं. चार प्रती बांधल्या. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आणि नानाजींच्या हट्टानं पहिल्या पानावर, सगळ्यात वर, हॅश आणि श्री.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नानाजींना तीन प्रश्न विचारले, नानाजींनी त्यांना बसवून घेऊन पाऊण तास उत्तरं दिली. बाकीच्या मुलांची परीक्षा मग दहा मिनिटांत उरकली, म्हणून मुलांनी नानाजींना खांद्यावर घेतलं. निकाल लागला तेव्हा लेखाशास्त्रात शेहेचाळीस, ॲनालिटिक्समध्ये अठ्ठ्याऐंशी, आणि चारही सत्रांचे सगळे विषय मिळून एकसष्ट पूर्णांक दोन. फर्स्ट क्लास! नानाजींनी मला फोन केला आणि पहिलं वाक्य म्हणाले, "बसले का?" संध्याकाळी देवसिंग तांड्यावरून टेम्पो घेऊन आला. नानाजींना टोपी, उपरणं, नारळ. मुहूर्ताच्या गाडीला देतात तसंच. भागीरथाकाकूंनी गल्लीभर सांबारवडी वाटली आणि प्रत्येकाला सांगितलं, "आमच्या घरी एम.कॉम. झालं." वैष्णवीलाही फर्स्ट क्लास होता, तिच्या आईनं नानाजींच्या पाया पडून सांगितलं, की पोरीला खरं लेखाशास्त्र तुमच्यामुळं आलं. नानाजी म्हणाले, "आन् मले खोटं तिच्यामुळं."

क्षितिज शेठनं शब्द पाळला. जिनिंगच्या ऑफिसात जुन्या खुर्चीमागं नवी पाटी लागली: नानाजी गावंडे, एम.कॉम., डेटा ॲनालिस्ट. पाटी मीच करून दिली, फुकट. नानाजी पहिल्या दिवशी खुर्चीत बसले आणि लगेच उठले, आणि पाटीसमोर उभे राहून स्वतःचंच नाव वाचलं, मग पुन्हा बसले. असं त्यांनी तीनदा केलं, हे मला तिथल्या हमालानं सांगितलं.

दोन आठवड्यांनी क्षितिज शेठनं त्यांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर काळ्या रेक्झिनची प्रत होती. मध्ये खुणेचा कागद घातलेला.

"मुनीमजी," तो म्हणाला, "बसा."

त्यानं प्रोजेक्ट पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला होता. चौसष्टावं पान दोनदा.

नानाजींची नेमणूक आता नोव्हेंबर ते मार्च आहे. उरलेले सात महिने ते घरी असतात.